नऊ महिने वापरलेले सेफ्टी शूज : चामड्याचा अनुभव

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला उतरायचे आणि महापे एमआयडीसीतल्या गोदामापर्यंत चालत जायचे, हा माझा रोजचा क्रम आहे. जानेवारीत घेतलेले सेफ्टी शूज ऑक्टोबरपर्यंत याच वाटेवर वापरले. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही.

घेताना दुकानदाराने नेहमीच्या परीक्षा करून दाखवल्या. बुटावर टाकलेला पाण्याचा थेंब मुरला नाही. जिभेच्या कडेचा बारीक तुकडा काडीने जाळला, तेव्हा केस जळल्यासारखा वास आला. मी निश्चिंत मनाने पैसे मोजले. पुढे कळले, की थेंब न मुरण्याचे श्रेय वरच्या पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या लेपाचेही असू शकते, आणि जळका वास हे खरे कातडे आहे एवढेच सांगतो, कातड्याच्या कोणत्या थरातले ते नाही. वरचा दाणेदार थर शाबूत असलेले चामडे वाकूनही टिकते. खालचा सोललेला थर, म्हणजे स्प्लिट, त्याच्यावर लेप आणि दाण्याचा ठसा दिला, की पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

जुलैत उजव्या बुटावर, बोटांच्या मागे पाऊल मुडपते तेथे, आडवी चीर दिसली. खालच्या रॅकवरची लेबले वाचताना मी उजवा पाय दुमडून बसतो, म्हणून आधी तोच गेला असावा. भिजलेले बूट एकदा घाईत शेगडीजवळ वाळवले, तो दोष माझा. स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी बूट उलटा वाकवून चिरेवर नख फिरवले, तेव्हा काळा लेप पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली निळसर करडा, केसाळ तंतूंचा थर उघडा पडला. ते म्हणाले, "साहेब, हे खालचं कातडं आहे. वरून नुसता रंग चढवलाय."

प्रयोगशाळेत फ्लेक्सोमीटरवर चामड्याची पट्टी मिनिटाला सुमारे १०० वेळा दुमडतात आणि ठराविक फेऱ्यांनंतर तडे तपासतात. माझ्या फोनप्रमाणे दिवसाला आठ हजार पावले होतात, म्हणजे एक बूट चार हजार वेळा मुडपतो. यंत्राला त्यासाठी फक्त ४० मिनिटे लागतील. महिन्याला २४ दिवस धरले, तर नऊ महिन्यांत साडेआठ लाखांहून अधिक घड्या होतात. दुकानातला थेंब आणि काडी यांपैकी एकही या घड्यांबद्दल काही सांगत नाही.

बोटांवरच्या पोलादी टोपीबद्दल मात्र तक्रार नाही. आयएस १५२९८ या भारतीय मानकानुसार सेफ्टी शूजच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा. ऑगस्टमध्ये माझ्या पायावर लोखंडी फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची जाड चकती, पडला, तेव्हा फक्त ओरखडा उठला. सोलची टाच बाहेरच्या कडेने थोडी झिजली आहे, इतकेच.

पुढच्या खरेदीत मी बूट हातात वाकवून पाहणार आहे : लेप सालीसारखा उचलतो, की नुसत्या बारीक सुरकुत्या पडून परत सपाट होतात. जिभेची कापलेली कडही उजेडात धरून पाहीन, दाणेदार थर कातड्याचाच आहे की नुसता चिकटवलेला, हे तेथे दिसते. सध्या काकांनी आतून चामड्याची पट्टी लावून चीर शिवून दिली आहे. कोरड्या दिवशी काम भागते, पण सर आली की उजवा मोजा ओला होतोच.