जुनी बलेनो अल्टुरा: आधी इंजिन की आधी उंची?

ही जुनी बलेनो २००७ साली बंद झाली. म्हणजे आज नाशिकच्या रस्त्यावर दिसणारी प्रत्येक अल्टुरा, मारुतीची ती लांब पाठीची वॅगन, पंधरा वर्षांच्या पुढची आहे. अशी गाडी दारात असलेल्याच्या डोक्यात दोन खर्च एकदमच घोळायला लागतात: इंजिन बांधून घ्यायचं आणि गाडी थोडी खाली बसवायची. पैसे मात्र बहुतेक वेळा एकाच कामापुरते असतात.

आमचं मत आधीच सांगतो: आधी इंजिन. स्प्रिंग-शॉकअपचं बिल कामाला हात लावण्याआधी रुपयापर्यंत कळतं. इंजिनाचं बिल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उतरवेपर्यंत फिटरलाही सांगता येत नाही. क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, ओरखडे निघाले, की स्प्रिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिकडे वळतात. ज्याचा अंदाज नाही ते काम आधी उरकलेलं बरं.

खोलायचं का, हे घाट सांगतो

‘गाडी ऑइल पिते’ एवढ्या तक्रारीवर इंजिन खोलायला देऊ नका. ऑइल कुठून जातंय हे कसारा घाटात फुकट कळतं. मुंबईकडे जाताना खालच्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरा. सपाटीला पाय देताच मागे निळा भपका आला आणि लगेच विरला, तर ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून येतंय. उतारावर थ्रॉटल बंद असतो, इनटेकमध्ये ओढ वाढते आणि झिजलेल्या गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. हे हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम आहे, खालच्या इंजिनाला हात लावायची गरज नाही. परतताना चढावर, लोडवर, निळा धूर सतत राहिला तर मात्र पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (ज्यात पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक) झिजलेत.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं गेज लावा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. चांगल्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमध्ये १४ किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास कॉम्प्रेशन मिळतं. १२ ही शेवटची मर्यादा, आणि दोन सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर पॅकिंग त्या दोघांच्या मधल्या पट्टीवर उडालंय असं धरून चाला. पाऊण तासाच्या या कामाला नाही म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये पुढचं मोठं काम देऊ नये.

हाफ काम, फुल काम की भंगारातलं इंजिन

हाफ काम म्हणजे रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, सील आणि पॅकिंग सेट. बोअर तोच, पिस्टन तेच. स्वस्त आणि लवकर होणारं हे काम चांगलंही टिकतं, पण बोअर गोल असेल तरच. या १५९० सीसी इंजिनाचा बोअर ७५ मिलिमीटर. बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं घ्यायची. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापात ०.१० मिलिमीटरच्या वर फरक निघाला तर नवीन रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. अंडाकृती भोकात गोल रिंग बसत नाही. हजार-दोन हजार किलोमीटर गाडी बरी वाटते आणि धूर परत येतो.

फुल काम म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन, बोअर मोठा करणं, होनिंग (दगडाने बोअरमध्ये जाळीदार रेघा पाडणं), गरज असेल तर क्रँक ग्राइंडिंग, ऑइल पंप, हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणं). पिस्टन ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर मोठे येतात. लेथवाले त्यालाच दहा थाउ, वीस थाउ म्हणतात. इथे क्रम चुकला की सगळं चुकतं: पिस्टन आधी विकत घ्या, ते हातात घेऊन लेथवाल्याकडे जा आणि चारही पिस्टन मोजूनच बोअर करून घ्या. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर हवी. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबून बोअर केला तर यातली अर्धी फट डब्यातल्या पिस्टनच्या फरकातच खपते. फट कमी राहिली तर मे महिन्यात चढावर पिस्टन धरतो, जास्त राहिली तर सकाळी थंड इंजिन टकटक वाजतं. नाशकात मोजमापाची वानवा नाही. डिझेलचे नोझल बनवणारं हे शहर मायक्रॉनवरच जगतं. सातपूर-अंबड भागात चांगलं बोअर गेज आणि ते वापरणारा हात शोधायला फार फिरावं लागणार नाही. फक्त ‘हो, बरोबर आहे’ यावर न थांबता मापं कागदावर लिहून मागा.

होनिंगनंतरची धुणी हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम. पेट्रोल किंवा डिझेलने धुतलं की दगडाची बारीक भुकटी जाळीदार रेघांमध्ये तशीच बसून राहते आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नव्या रिंगा खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश लावून बोअर घासायचा, वाळवून लगेच ऑइल लावायचं. मग पांढरं फडकं आत फिरवून बघायचं: ते राखाडी निघतंय तोवर धुणं संपलेलं नाही. क्रँकच्या ऑइलच्या वाटाही तशाच. ग्राइंडिंगचा चुरा तिथे अडकला तर नवीन बेअरिंग पहिल्याच फेरीत जाते.

जोडणीत दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. वरची रिंग बोअरमध्ये एकटी उतरवून, पिस्टनने सरळ दाबून, तोंडाची फट फीलर गेजने मोजली पाहिजे: ०.२० ते ०.३५ मिलिमीटर. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. दुसरं, हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ‘हाताला कळतं’ हे ट्रॅक्टरच्या लोखंडी हेडला चालून जात असेल, अॅल्युमिनियमला नाही. हेडची पातळी सरळ पट्टी आणि फीलरने तपासायची. ०.०५ मिलिमीटरच्या वर वाकलं असेल तरच फेसिंग करायचं, तेही लागेल तेवढंच. ‘आणलंच आहे तर एक हात मारून घेऊ’ म्हणत जास्त उतरवलं की कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन साध्या पेट्रोलवर ठोकायला लागतं.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला हमखास मिळेल, ‘आपल्याकडे गरमी आहे’ म्हणून. ऐकू नका. इंजिन थंड राहतं, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि ते पेट्रोल नव्या बोअरवरचं ऑइल धुऊन काढतं. नवीन थर्मोस्टॅट, नवीन टायमिंग बेल्ट, नवीन वॉटर पंप याच वेळी टाका. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी नको, कूलंट हवं.

तिसरा मार्ग, जुन्या बाजारातलं उतरवलेलं इंजिन. बलेनो सेडानमध्ये हेच इंजिन होतं, त्यामुळे मिळण्याची आशा असते आणि गाडी दोन-तीन दिवसांत रस्त्यावर येते. पण जमिनीवर पडलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन नीट मोजता येत नाही. चेंबर उतरवून एक मेन आणि एक कनेक्टिंग रॉडची बेअरिंग उघडू देत असेल तरच बोलणी करा. तांबूस थर दिसत असेल तर ते इंजिन तुमच्या इंजिनाइतकंच थकलेलं आहे. ‘एस्टीमचं १.३ बसवून देतो’ असंही कोणी म्हणेल. ते बसेलही, पण आरसी बुकावरची सीसी खोटी ठरते. आमच्या लेखी हा मार्ग फक्त ब्लॉक फुटला असेल किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे गेला असेल तेव्हाचा.

बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. मग जागेवर तासभर आयडल ठेवू नका. लोड नसताना रिंगा भिंतीवर बसत नाहीत, बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि नवं इंजिन जन्मभर ऑइल पितं. सिन्नर रस्ता यासाठी चांगला: मोहदरी घाटाचा चढ-उतार आहे, पाय कमी-जास्त करत जाता येतं. साधं मिनरल ऑइल, ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदल, १००० पर्यंत एकसारखा वेग नको.

आता उंची

आधी गाडी खरंच उंच आहे का ते बघा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेप लावा. डावं-उजवं १० मिलिमीटरच्या वर वेगळं असेल किंवा मागची बाजू बसलेली असेल तर स्प्रिंग थकलेत. बसलेली गाडी आणि खाली घेतलेली गाडी लांबून सारखीच दिसतात. फरक पहिल्या खड्ड्यात कळतो.

कापलेले स्प्रिंग सर्वांत स्वस्त. एका स्प्रिंगमध्ये सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला, तर उरलेला स्प्रिंग २० टक्के कडक होतो. ही काही वाईट गोष्ट नाही. वाईट गोष्टी दोन: गॅस कटरच्या उष्णतेने तिथल्या पोलादाचा ताव उतरतो, आणि शेवटचा वेढा पॅनच्या (स्प्रिंगच्या बैठकीच्या) खाचेत बसत नाही. गाडी जॅकवर उचलून बघा. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलत असेल, तर स्पीडब्रेकरवरून उडी बसेल तेव्हा तो जागेवरून सरकेल. त्यात शॉकअप जुनेच राहिले तर कडक झालेला स्प्रिंग आवरण्याची ताकद त्यांच्यात नसते आणि गाडी डुलत राहते. इंजिनात जपून पैसे घालून इथे कटर लावणारे बरेच दिसतात. का, ते कळत नाही.

आखूड स्प्रिंग आणि त्याला साजेसे नवीन शॉकअप, हा आमच्या मते एकमेव शहाणा मार्ग. पुढे ३० मिलिमीटर, मागे २०. त्याहून खाली नाही. मागे कमी का? वॅगन आहे म्हणून. पाच माणसं आणि मागे सामान भरलं की मागची बाजू आपणच खाली येते. रिकामी गाडी सपाट दिसावी म्हणून मागेही ३० घेतलं, तर दिवाळीत गावाला जाताना ती बंप स्टॉपवर (शॉकअप पूर्ण दबल्यावर टेकतो त्या रबरावर) बसून प्रवास करते. सेडानचे मागचे स्प्रिंग बसत असले तरी हे ओझं धरून निवडा. सोबत वरची माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप नवे घ्या. बंप स्टॉपची उंचीही उतरवलेल्या मापाच्या निम्म्याने कमी करावी लागते, नाहीतर स्प्रिंगला हलायला जागाच राहत नाही.

३० च्या खाली का नाही, याला दिसण्यापलीकडचं कारण आहे. पुढचा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बाहेरच्या टोकाला थोडा खाली झुकलेला असतो. गाडी फार खाली घेतली की तो आडवा होतो, मग उलटा वर जातो. तेव्हा रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली सरकतं, आणि खाली घेतलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलते. ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंटही सतत वाकड्या कोनात फिरतात.

आणि स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. बलेनोचा व्हीलबेस २.४८ मीटर. चारही चाकं अशा गतिरोधकावर असताना पोटाखाली जेमतेम ४५ मिलिमीटर जागा लागते, कारण चाकंही उंचवट्यावरच असतात. कॉलनीत लोकांनी एका रात्रीत बांधलेला, दोन हात रुंदीचा, पण तसाच १० सेंटिमीटर उंच ब्रेकर मात्र दोन चाकांच्या मधोमध येतो आणि पूर्ण १०० मिलिमीटर मागतो. गाडी खाली घेण्याआधी भरलेल्या गाडीचं चेंबर जमिनीपासून किती वर आहे ते मोजा आणि त्यातून ३० वजा करा. उरलेला आकडा रोजच्या रस्त्यावरच्या सर्वांत वाईट ब्रेकरशी ताडून बघा. चेंबर फुटून ऑइल सांडलं आणि दिव्याकडे लक्ष गेलं नाही, तर वरचा सगळा खर्च पुन्हा.

कॉइलओव्हर (आट्यांवर उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) या गाडीला तयार मिळणं कठीण, बनवून घ्यावे लागतात. आपल्या पावसाळ्यात आटे चिखलाने धरतात आणि उंची बदलायची सोय दुसऱ्या वर्षी नावापुरतीच राहते. ट्रॅकवर जाणाऱ्याने विचार करावा. ज्यांच्या घरच्या रस्त्यावर तसा एकही वाईट ब्रेकर टळत नाही, त्यांनी मूळ मापाचे नवे स्प्रिंग आणि चांगले शॉकअप टाकावेत. थकलेल्या गाडीला तेवढ्यानेही वेगळीच पकड येते.

कागदाचं थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. म्हणून मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका. इंजिन बदललं तर नवा नंबर आरसीवर चढवून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

शेवटी बसवणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट जॅकवर नुसते हाताने लावायचे आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळायचे. लोंबकळत्या चाकावर आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. मग अलाइनमेंट, त्यात टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) नक्की, कारण टायरची आतली कड तोच खातो. हेडलाइटही पुन्हा सेट करा. नवे स्प्रिंग ५०० किलोमीटरमध्ये अजून थोडे बसतात, तेव्हा टेप आणि अलाइनमेंट दोन्ही परत एकदा.