सिरॅमिक काचेची विजेची शेगडी : वर्षभराच्या वापरानंतर

म्युनिकमधील भाड्याच्या घरात चार बर्नरची सिरॅमिक शेगडी आयती मिळाली आणि वर्षभरानंतर माझे मत चांगलेच आहे, मात्र ती निगा मागते. संक्रांतीला गुळाच्या पाकाचे दोन थेंब तिच्यावर सांडले. वितळलेली साखर काचेला चिकटते आणि थंड होताना आकसून तिचे टवके काढते. म्हणून एरवी शेगडी निवल्यावरच पुसायची असली, तरी साखर मात्र बर्नर बंद करून, काच गरम असतानाच, हाताला जपत पात्याच्या खरवडणीने काढावी लागते. मी सकाळपर्यंत थांबले आणि मसुरीएवढे दोन खड्डे कायमचे राहिले.

काचेची लाली गेली तरी ती तापलेलीच असते, त्यामुळे उरलेल्या उष्णतेचा दिवा विझेपर्यंत मुलांना जवळ येऊ देऊ नये. त्याच उष्णतेवर भात छान मुरतो, हा तिचा मला सर्वांत आवडलेला गुण. भांडी सपाट बुडाचीच हवीत. बिडाचा तवा उचलून ठेवावा, सरकवल्यास ओरखडे उठतात. काचेला तडा गेल्यास मुख्य स्विच बंद करून वापर तत्काळ थांबवावा, कारण सांडलेले पाणी आतील विजेच्या भागांपर्यंत पोहोचून शॉक बसू शकतो.