रिपोर्टेड स्पीचचं गाईड, १२० रुपये, ३ स्टार (उत्तरं सोडून)

मागच्या महिन्यात पुण्याला गेले होते तेव्हा आप्पा बळवंत चौकातून हे गाईड घेतलं. फक्त डायरेक्ट इनडायरेक्ट स्पीच (म्हणजे दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत कसं सांगायचं ते), बाकी ग्रामर नाही, ११२ पानं, छापील किंमत १५० पण १२० ला दिलं. प्रकाशनाचं नाव लिहीत नाही कारण पुढे शिव्याही आहेत. मुलगा दहावीला आहे मराठी मीडियममधून, त्याच्या डू ॲज डायरेक्टेडसाठी (सांगितल्याप्रमाणे वाक्य बदला, तो प्रश्न) घेतेय असं घरी सांगितलं, पण निम्मं माझ्यासाठीच होतं.

झालं असं होतं की ऑफिसला एका सप्लायरचा फोन आला, म्हणाला मी उद्या माल पाठवतो. मी लगेच साहेबांना मेल टाकला, सप्लायर सेड दॅट आय विल सेंड द मटेरियल टुमारो. साहेब हैदराबादचे, त्यांना मराठीचा गंध नाही, त्यांनी मेल वाचला दुसऱ्या दिवशी आणि समजले की माल मीच पाठवणार आहे आणि तोही अजून एक दिवसाने. मग काय, दोन दिवस सगळे मलाच विचारतायत कुठाय माल.

आता मराठीत 'तो म्हणाला की मी उद्या येतो' यात काही चूक नाहीये, मी म्हणजे तोच हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपण मध्ये एक की टाकतो आणि समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं चिकटवतो, नाहीतर 'येतो म्हणाला' एवढ्यात काम होतं. इंग्रजीत निरोप सांगणारा जिथे उभा असतो तिथून सगळं बघायचं, म्हणून आयचं ही होतं, विलचं वुड होतं, टुमारोचं द नेक्स्ट डे होतं. म्हणजे मी लिहायला हवं होतं सप्लायर सेड दॅट ही वुड सेंड द मटेरियल द नेक्स्ट डे. हे या गाईडने पहिल्या चार पानांत मराठीतून समजावलंय आणि त्याच चार पानांचे मी दोन स्टार देतेय. आम्हाला शाळेत नुसता तक्ता पाठ करायला लावला होता, धिसचं दॅट, हिअरचं देअर, नाऊचं देन, अगोचं बिफोर. का बदलायचं ते बाईंनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तिसरा स्टार प्रश्नांच्या धड्याला. मुलगा लिहायचा ही आस्क्ड मी दॅट वेअर वॉज आय गोइंग. तो दॅट कुठून येतो माहितीये का, आपल्या 'त्याने विचारलं की कुठे चाललास' मधल्या की मधून! गाईड म्हणतं वेअर, व्हॉट, व्हेन असेल तर तोच शब्द जोडायला पुरतो, हो-नाहीचा प्रश्न असेल तर इफ नाहीतर वेदर घ्या, आणि पुढचं वाक्य साध्या वाक्यासारखं सरळ करा, ही आस्क्ड मी वेअर आय वॉज गोइंग. डू डिड पण उडवायचे. पोराने तीन दिवसांत पकडलं. सेड मी लिहायची सवय मात्र अजून आहे (मला म्हणाला, म्हणून सेड मी, काय करणार), टोल्ड मी लिही हे रोज सांगावं लागतं.

आता शिव्या. एकतर उद्गारवाचक वाक्यांना तब्बल बारा पानं दिलीत, हुर्रे वी हॅव वन द मॅच चं दे एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट दे हॅड वन द मॅच, असं आजकाल कोण बोलतं? परीक्षेपुरतं दोन पानांत झालं असतं. आणि लेट्स वर अर्धी ओळ पण नाही, जे आपण दिवसातून दहा वेळा बोलतो.

त्याहून वाईट म्हणजे मागची उत्तरं. पान ३१ वर स्वतःच लिहितात की सूर्य पूर्वेला उगवतो अशा कायमच्या सत्याचा काळ बदलू नका, आणि मागे उत्तरात छापलंय द टीचर सेड दॅट द सन रोझ इन द ईस्ट. अहो मग पान ३१ कशाला छापलं? शी सेज असेल तर काळ तसाच राहतो हा नियम पण दिलाय, तरी दोन उत्तरांत काळ मागे नेलाय. मुलगा गोंधळून माझ्याकडे आला आणि मी आधी त्यालाच ओरडले, नंतर कळलं गाईडच चुकलंय.

अजून एक, मैत्रीण म्हणाली ती नागपूरला राहते आणि ती आजही तिथेच राहत असेल तर बोलताना शी सेड शी लिव्ह्ज इन नागपूर चालतं, पण गाईडमध्ये सगळीकडे लिव्ह्डच, दुसरं चालतं हे सांगायचं पण नाही. पेपरात लिव्ह्ड लिहा, ऑफिसात एवढं घाबरू नका.

बाइंडिंग पंधरा दिवसांत सुटलं, आता रबर लावून ठेवलंय. घ्यायचं असेल तर दुकानात आधी शेवटची पानं उघडून त्या सूर्याचं उत्तर बघा, नवीन आवृत्तीत दुरुस्त केलं असेल तर १२० ला वाईट नाही, आणि उत्तरं शाळेतल्या सरांकडून एकदा तपासून घ्या.