‘वेल डन’ लिहू की ‘काँग्रॅच्युलेशन्स’?

परदेशी टीममधल्या कुणाच्या बढतीची मेल आली की पाच मिनिटांत एखादा पोरगा खुर्ची सरकवत माझ्याकडे येतो. “दादा, काय लिहू?” तीस पानांचा रिपोर्ट एका बैठकीत लिहिणारा हा माणूस, पण दोन शब्दांचं कौतुक करायचं म्हटलं की त्याचा हात अडतो. मी हसत नाही, कारण इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांबरोबर बारा वर्षं काम करताना मीही हे सगळे शब्द वापरून पाहिलेत आणि एकदोनदा तोंडावर पडलोय.

‘काँग्रॅच्युलेशन्स’ सगळ्यांत सुरक्षित. लग्न, बाळ, बढती, नवं घर, डिग्री, कुठेही चालतो. आपल्याकडे मात्र त्याला दोन खोडी लागल्यात. शेवटचा ‘स’ गळतो, आणि ‘ऑन’च्या जागी ‘फॉर’ येतं. ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर प्रमोशन’ हे तिकडच्या कानाला सरळ वाटतं. ‘फॉर’ने कुणी रागवत नाही, पण हे भाषांतर आहे हे कळतं. आणि ‘हार्टी’ तेवढं काढाच. ‘हार्दिक अभिनंदन’ची आपल्याला इतकी सवय, की ‘हार्टी काँग्रॅच्युलेशन्स’ आपोआप टाइप होतं. तिकडे ‘हार्टी’ म्हटलं की पोटभर नाश्ता नाहीतर गरम सूप आठवतं. माझं या शब्दाबद्दलचं गाऱ्हाणं एवढंच की तो फ्लेक्ससारखा आहे. चौकात लावलेल्या ‘हार्दिक अभिनंदन’ने कुणाच्या पोटात आनंदाचा गोळा उठत नाही, तसंच. बरोबरीच्या माणसाला ‘काँग्रॅट्स’ लिहिलं की जरा मोकळं वाटतं.

आता ‘वेल डन’ आणि ‘गुड जॉब’. ढोबळमानाने पहिला ब्रिटिश वळणाचा, दुसरा अमेरिकन. दोन्ही केलेल्या कामाला शाबासकी देतात, घडलेल्या गोष्टीला नाही. म्हणून बाळ झालं म्हणून ‘वेल डन’ लिहिलं तर ऑफिसभर हशा पिकतो. (आमच्याकडे पिकला होता. लिहिणारा मी नव्हतो, एवढंच सांगतो.)

माझा खरा काटा इथेच अडकला. लीड्सच्या ऑफिसात एक बाई होत्या, माझ्याहून दोन पायऱ्या वर, वयानेही बऱ्याच मोठ्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या पहिली हाफ मॅरेथॉन धावल्या. एकवीस किलोमीटर. मेडल गळ्यात घातलेला, घामेजलेला फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला. मी मनापासून भारावून लिहिलं, ‘गुड जॉब!’ पलीकडून मिनिटभराने एक सोनेरी तारा आला आणि खाली ‘थँक यू, टीचर’.

त्या चिडल्या नव्हत्या, मजेतच घेतलं होतं. पण तिकडच्या शाळांत चांगलं काम केलं की बाई मुलांच्या वहीत सोनेरी तारा चिकटवतात, हे मला ठाऊक होतं. बाण बरोबर लागला. रात्री घरी येईपर्यंत तो तारा डोळ्यांसमोरून हलेना.

मग लक्षात आलं, हे तर आपल्याच घरातलं आहे. ‘शाब्बास’ आपण कुणाला म्हणतो? भाच्याला, धाकट्या भावाला, हाताखालच्या पोराला. वडिलांनी पेन्शनचं काम एकट्याने तडीस नेलं तर त्यांना ‘शाब्बास बाबा’ म्हणायची आपली टाप आहे का? मुळात तो फारसीतला ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’. अर्थ किती गोड, पण वापरात तो वरून खाली वाहतो. ‘गुड जॉब’ तसाच, ‘वेल डन’ही बराचसा. ब्रिटिश माणसं बरोबरीच्यांना ‘वेल डन’ सर्रास म्हणतात, त्यामुळे तो अगदीच बाद करा असं म्हणणार नाही. पण आपण परके, आपला आवाज मेलमध्ये ऐकू येत नाही, आणि समोरचा साहेब. मी तरी टाळतो.

‘गुड फॉर यू’बद्दल थोडक्यात: बोलताना ठीक, लिहिताना नको. सूर जरा घसरला की ‘असेल बाबा, तुझं चांगलं चाललंय’ असा वास येतो. ऑस्ट्रेलियन माणूस ‘गुड ऑन या’ म्हणतो तेव्हा त्यात हा डंख नसतो, पण ते त्यांच्याच तोंडी शोभतं.

धीर देण्याचं प्रकरण वेगळं, आणि तिथे आपण जास्त चुकतो असं मला वाटतं. परीक्षेला, इंटरव्ह्यूला निघालेल्याला आपलं ‘ऑल द बेस्ट’ ठरलेलं. चूक नाही, पण अमेरिकन माणूस ते बहुधा निरोप घेताना किंवा पत्राच्या शेवटी लिहितो; त्याच्यासाठी ‘गुड लक’ सरळ. त्यापुढे ‘विथ दॅट’ मात्र जोडू नका, ‘बघ, जमतंय का’ असा टोमणा होतो. ‘कीप इट अप’ म्हणजे प्रगतिपुस्तकातला शेरा, वर्गशिक्षिकांच्या लाल शाईतला. चाळिशीच्या माणसाला तो देऊ नये. आणि ज्याचं काम अडलंय, टेंडर हातचं गेलंय, त्याला ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ तर मुळीच नको. आपण ते खऱ्या मायेने म्हणतो, तिकडे ते जत्रेतल्या रिंग फेकण्याच्या खेळासारखं वाटतं. ‘हँग इन देअर’ म्हणजे ‘तग धर’, ते संकट चालू असतानाच. ‘यू’व गॉट धिस’ म्हणजे ‘जमेल तुला’, ते उडी मारण्याआधी. या दोघांची अदलाबदल केली की गंमत होते.

बढती, यश, निवृत्ती यांसाठी मी हल्ली काय लिहितो ते सांगतो. सगळ्यांना पटेलच असं नाही, ज्याच्या त्याच्या साहेबावर अवलंबून आहे. ‘सो प्लीज्ड फॉर यू’. अमेरिकन असेल तर ‘सो हॅपी फॉर यू’. यात मी कुणाला गुण देत नाही, फक्त मला बरं वाटलं एवढं सांगतो. त्यामुळे ते साहेबालाही चालतं आणि शिकाऊ पोरालाही. ‘काँग्रॅच्युलेशन्स’च्या लॅटिन मुळातही हेच आहे म्हणा, दुसऱ्याबरोबर आनंद मानणं; ‘अभिनंदन’मध्ये ‘नंद’ आहेच की. पण ते दोन्ही शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत. माझ्या शब्दांनंतर एक खरी गोष्ट जोडावी लागते, नाहीतर तेही फ्लेक्सच. ‘त्या फेब्रुवारीतल्या रिलीजला तुम्ही रात्रभर फोनवर होतात, ते विसरलो नाही’, असं काहीतरी.

लीड्सच्या बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. सहीचं ऑनलाइन कार्ड फिरत माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर बावीस ‘काँग्रॅच्युलेशन्स’ होते, त्यातले चार ‘हार्टी’, पुण्याचे. मी ‘सो प्लीज्ड फॉर यू’ लिहिलं आणि खाली त्या एकवीस किलोमीटरांची आठवण. दोन दिवसांनी उत्तर आलं. तारा नव्हता. बागेतल्या कच्च्या टोमॅटोंचा फोटो होता आणि विचारलं होतं, भारतात याचं काय करतात?

बायकोला विचारून हिरव्या टोमॅटोच्या चटणीची कृती पाठवली. दाण्याचं कूट घालून.