हिरवा लेसर: काच बसवावी की बदलूनच टाकावा?

साताऱ्यात थंडी पडली की यवतेश्वराच्या वर, कासच्या रस्त्याला आकाश बघायला जाणाऱ्या ग्रुपमध्ये कुणाच्या तरी खिशात हिरवा लेसर असतोच. रोहिणी, कृत्तिका बोटाने दाखवता येत नाहीत, त्यामुळे तो हवाच. पण स्वस्तातला असेल तर हिरव्यासोबत डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेडही त्यातून बाहेर पडत असू शकतो. तो तपासायचा कसा, अडवायचा कसा आणि मुळात अडवत बसायचं का, याचा हा हिशोब.

नेहमीच्या हिरव्या, म्हणजे ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पेनमध्ये हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा डायोड असतो. तो एका स्फटिकातून १०६४ चा प्रकाश काढतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ देतो. उरलेला ८०८ आणि १०६४ अडवायला पुढे छोटा फिल्टर लागतो. किंमत कमी करताना नेमका तोच गाळला जातो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१० मध्ये असाच एक स्वस्त पेन मोजला. हिरवा मंद होता, इन्फ्रारेड मात्र जवळजवळ २० मिलिवॅट. झगझगीत हिरव्याला आपण पटकन डोळे मिटतो. न दिसणाऱ्याला कोण मिटणार? आणि दोन्ही थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतात.

थंडीत हे आणखी बिघडतं. तापमान उतरलं की डायोडची तरंगलांबी सरकते, स्फटिकांचं गणित चुकतं, हिरवा फिका पडतो. डायोड मात्र चालूच असतो. अशा वेळी ‘सेल उतरला वाटतं’ म्हणत पेन उलटा करून तोंडात डोकावणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतात.

तपासायचे मुख्य मार्ग दोन. प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर आकडा देतो: एकदा नुसतं मोजायचं, एकदा इन्फ्रारेड अडवणारी काच मध्ये धरून, आणि फरक बघायचा. पण मीटर घरात नसतो. ओळखीने एखाद्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मिळाला तर बघा, त्यासाठी विकत घेऊ नका. सिलिकॉन सेन्सरचा मीटर तरंगलांबी सेट केल्याशिवाय बरोबर बोलत नाही, हेही आहेच.

दुसरा मार्ग जुन्या सीडीचा, आणि घरच्यासाठी मी तोच निवडेन. सीडीवरच्या बारीक रेघा प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या कोनात फेकतात, त्यामुळे हिरवा आणि इन्फ्रारेड वेगळे होतात. पांढऱ्या पुठ्ठ्याला भोक पाडा. लेसर त्यातून जाऊन २० सेंटिमीटरवर समांतर उभ्या केलेल्या सीडीच्या चकचकीत बाजूवर पडू द्या. लेसर हातात न धरता पक्का बसवा. पुठ्ठ्यावर भोकापासून सुमारे ७ सेंटिमीटरवर पहिला हिरवा ठिपका येतो, १८ च्या आसपास दुसरा. मधली जागा डोळ्याला कोरी दिसते. आता पुठ्ठ्याचा फोनने फोटो काढा. पावणेबारा सेंटिमीटरच्या जवळ पांढरट-जांभळट ठिपका उमटला, तर तो ८०८. फोनचा कोणता कॅमेरा चालेल हे आधी टीव्हीच्या रिमोटवर बघून घ्या. रिमोटचा दिवा ज्यात लुकलुकताना दिसेल तो घ्यायचा, बहुधा पुढचा. आणि सीडीकडे वाकून बघायचं नाही, फक्त फोनच्या स्क्रीनकडे.

सीडीऐवजी डीव्हीडी चालत नाही. तिच्या रेघा इतक्या दाट असतात की या मांडणीत ८०८ चा ठिपका पडतच नाही, आणि पेन निर्दोष ठरतो! १०६४ ची अडचण वेगळी: तो बरोबर दुप्पट असल्याने हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावरच जाऊन बसतो. तो वेगळा काढायला कॅमेऱ्यापुढे हिरवा अडवणारा काळा फिल्टर हवा, आणि एवढ्या लांबच्या इन्फ्रारेडला फोन तसा आंधळाच. म्हणून ८०८ दिसला तर पेन नापास. नाही दिसला तर पूर्ण पास असं नाही.

आता अडवण्याचं. केजी-५ सारखी उष्णता शोषणारी काच हिरवा बराचसा सोडते आणि दोन्ही इन्फ्रारेड चांगले दाबते. बंद पडलेल्या कॅमेऱ्यातली निळसर काच फुकटात मिळते आणि ८०८ सहसा रोखते, पण १०६४ वर तिचा भरवसा धरू नका. काच कोणतीही असो, पेनच्या तोंडावर नीट, न हलणारी बसवावी लागते, आणि बसवल्यावर सीडीची चाचणी पुन्हा. पेन चांगला, महागाचा असेल तरच हा खटाटोप करावा. लाल-नारिंगी गॉगल हा पर्यायच नाही: तो हिरवा अडवतो, ८०८ आणि १०६४ बिनदिक्कत आत सोडू शकतो.

स्वस्त पेनसाठी मी काच शोधत बसणार नाही. ५२० नॅनोमीटरच्या पेनमध्ये डायोडच हिरवा असतो. ८०८ नाही, १०६४ नाही, थंडीतही तो तसा मंदावत नाही. किंमत जास्त, ठिपका जरा लांबट, आणि तेवढ्याच मिलिवॅटला ५३२ पेक्षा थोडा कमी उजळ. आकाश दाखवायला पुरतो. फक्त वर्गात फळ्यावर दाखवायचं असेल तर साधा लाल पेन घ्या, भानगडच नको.

घेताना ५२० लिहिलंय का ते बघा, पण लेबलवर थांबू नका. एनआयएसटीने २०१३ मध्ये १२२ पेन तपासले, त्यात हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के तिथल्या नियमांत बसले नाहीत. ऑनलाइन मागवला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत सीडी काढा.