खिशातली वही की ३ × ५ ची कार्डं?

माणसं टिपून ठेवायला कादंबरीकार सहसा खिशात मावणारी वही बाळगतात. या कामाला ३ × ५ इंची साधी इंडेक्स कार्डं, म्हणजे नोंदींसाठीची सुटी कार्डं, जास्त उपयोगी पडतात. वहीत एकच माणूस सलग चार पानं व्यापतो आणि मग कादंबरीतही तसाच, अख्खाच्या अख्खा उतरतो. कार्डांवर तो सुटा होतो.

अख्खा उतरला की काय होतं? इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीतली मिस माउचर शेजारच्या एका ठेंगण्या बाईवरून बेतली. कादंबरी हप्त्याहप्त्याने निघत असतानाच, १८४९ मध्ये, त्या बाईने तक्रार केली आणि पुढच्या भागात त्याला पात्राचा स्वभावच फिरवावा लागला. नाव बदलून भागत नाही. बांधा, व्यवसाय आणि बोलणं एकत्र आलं की ओळख पटतेच.

एका कार्डावर एकच निरीक्षण लिहायचं. माणसाचं नाव नको. मागे त्याची खूण करा, फुली, त्रिकोण, काहीही. एका पात्रात एकाच खुणेची दोनपेक्षा जास्त कार्डं आली, तर तुम्ही पात्र रचत नाही, नक्कल उतरवताय.

विशेषणं टाळा. ‘कंजूष म्हातारा’ हे कार्ड सहा महिन्यांनी मुकं असतं. ‘नोटा मोजताना ओठ हलतात, मध्ये कुणी बोललं तर उत्तर देत नाही, पहिल्यापासून मोजतो’ हे कार्ड तेव्हाही चालतं. आता हीच सवय गोळ्या मोजणाऱ्या नर्सला देऊन बघा: कंजूषपणा जातो, धास्ती येते. वहीत हा खेळ जमत नाही, कारण तिथे नोटा त्या म्हाताऱ्याच्या हातून सुटतच नाहीत.

कानावर पडलेलं बोलणं मात्र त्याच दिवशी, शब्दशः उतरवा. रात्र उलटली की अर्धवट वाक्यं आपोआप पुरी होतात, चुकीचा शब्द दुरुस्त होतो, आणि हवा असतो तो नेमका तो घोळच.

कार्डांचा दोष म्हणजे त्यांवर फक्त दिसणारं, ऐकू येणारं येतं. हौसेने सात-आठ लकबी एकाच पात्राला चिकटवल्या की माणूस उभा राहत नाही, बहुरूपी उभा राहतो. दोन पुरेत, त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या असल्या तर उत्तम. त्या माणसाला काय हवंय, तो कशाला घाबरतो, हे लिहिणाऱ्याला स्वतःच्याच पोटातून काढावं लागतं.

खरेदी करताना जाड कार्डं घ्या; पातळ असली तर उभ्याने, तळहातावर ठेवून लिहिता येत नाही. गुळगुळीत कार्डावर जेल पेनची शाई पसरते, बॉलपेन बरं. रबरबँडने कडा दुमडतात, म्हणून क्लिप लावा. गठ्ठा हातून पडला की क्रम गेला. कोपऱ्यात तारीख टाकायची ती यासाठीच.

फोनमध्ये स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून नोंद करणं सोपं वाटतं. पण ज्याची नोंद करायची तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो, आणि नंतर त्या फायली पुन्हा कुणी ऐकत नाही.