जुनं ओमेगा सीमास्टर: घेताना काय तपासलं आणि वर्षभर वापरून काय वाटतं

गेल्या महिन्यात घड्याळ रोज थोडं पुढे पळू लागलं म्हणून वेग जुळवायला दिलं. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, वेग जुळवला, झाकण लावलं आणि घड्याळ हातात ठेवलं. प्रेशर टेस्ट (दाबाखाली घड्याळ गळतं का ते बघणं) केली का, विचारलं. "गरज नाही साहेब, पाणबुड्यांचं घड्याळ आहे, ३०० मीटर लिहिलंय." झाकणाची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी रिंग, नवी टाकली का? नाही, जुनीच बसवलेली. मी काउंटरवरून हललो नाही. बरीच बाचाबाची झाल्यावर टेस्ट केली आणि घड्याळ नापास. नवी रिंग टाकली, पास. रिंगेचे पैसे मी दिले, टेस्टचे दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

माझं काम ठिबकचं, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात. रबराचं उन्हात काय होतं ते रोज बघतो. फिल्टरच्या झाकणाची रिंग काही उन्हाळ्यांत कडक होते, चपटी पडते. वरून धड दिसते आणि कडेने पाणी झिरपत असतं. १० मीटर पाणी म्हणजे साधारण १ किलो प्रेशर. आमचं ठिबक तेवढ्यावरच चालतं. ३०० मीटर म्हणजे ३० किलो! हा आकडा रिंगा नव्या असतानाचा. वीस-पंचवीस वर्षांच्या घड्याळावर आकडा तसाच छापलेला राहतो, रिंगा तशा राहत नाहीत.

माझं मॉडेल २५३१.८०, निळ्या लाटांची डायल, आतलं यंत्र ११२० नंबरचं. पहिलं घड्याळ (वेगळ्या कंपनीचं) एका मोठ्या दुकानात बघितलं. बॉक्स, कार्ड, चकाचक पॉलिश. प्रेशर टेस्टचं नाव काढताच मालक नाराज. सोबतचा मित्र म्हणाला, "भाऊ, काबरं एवढं तपासून राहिले?" जळगावच्या सराफ बाजारात अर्ध्या तोळ्याची अंगठी मोडतानासुद्धा आपण टंच मशीनवर बघितल्याशिवाय उठत नाही. इथे लाखांचा व्यवहार आणि काही शे रुपयांच्या टेस्टला नकार? सोडून दिलं.

प्रेशर टेस्टचं मशीन नसेल तर थेंबाची परीक्षा करता येते. डायव्हिंग घड्याळांचं आयएसओ ६४२५ मानक आहे, त्यात ती आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत सारखं गरम करायचं, काचेवर १८ ते २५ अंशांच्या गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचं. आतून धुकं दिसलं तर आत दमट हवा आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ठेवलेलं घड्याळसुद्धा तेवढं तापतं, वेगळी हॉटप्लेट लागत नाही. मात्र थेंब स्वच्छ निघाला म्हणजे घड्याळ पाण्यात घालायला मोकळे, असं नाही. आत आत्ता ओल नाही, एवढंच त्यातून कळतं. रिंगा दाब धरतात का, ते मशीनच सांगतं.

हे सीमास्टर एका गृहस्थांकडून घेतलं. अट एकच: मी सांगेन त्या घड्याळजीकडे टेस्ट, खर्च माझा. ते लगेच तयार झाले, तिथेच माझा अर्धा निर्णय झाला. बाकीचं भराभर बघितलं. पायाच्या (पट्टा जिथे अडकतो त्या टोकाच्या) मागचा सिरीयल नंबर कार्डाशी जुळला. बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, उलटं फिरत नव्हतं. चावीचे आटे न अडकता बसत होते. टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणारं मशीन) तासाला २८,८०० ठोके, पूर्ण चावी दिल्यावर अँप्लिट्यूड, म्हणजे आतल्या चाकाचा झोका, २७० अंशांच्या वर. डायलच्या तळाशी ट्रिटियमचा (अंधारात चमकणाऱ्या जुन्या किरणोत्सारी रंगाचा) टी असेल आणि काटे अंधारात लख्ख उजळत असतील, तर रंग नंतर भरलेला आहे असं समजा, कारण ट्रिटियमचं तेज साधारण १२ वर्षांत अर्धं होतं. माझ्या डायलवर टी नाही आणि उजेड एकसारखा आहे. पायांच्या कडा थोड्या ओरखडलेल्या, पण धारदार. पॉलिश करून गोल झालेल्यांपेक्षा मला त्या शंभर पटीने बऱ्या.

मला सुरुवातीपासून खटकला तो हेलियम व्हॉल्व्ह. पाणी आत शिरायच्या वाटा आधीच तीन: काच, झाकण, चावी. त्यात १० च्या आकड्याजवळ ही चौथी. समुद्राच्या तळाशी काम करणारे पाणबुडे दिवसेंदिवस हेलियममिश्रित हवेच्या चेंबरमध्ये राहतात. तो बारीक वायू घड्याळात शिरतो आणि वर येताना दाब उतरला की काच उडवू शकतो. त्याला बाहेर पडायला ही वाट. तापीकाठी त्याचा काय उपयोग? नाहक एक रिंग वाढली, असं मी भेटेल त्याला सांगायचो. पण घेतानाच्या आणि आताच्या, दोन्ही टेस्टमध्ये व्हॉल्व्ह घट्ट निघाला. गळाली ती माणसाच्या हाताने उघडलेली मागची बाजू. त्यामुळे व्हॉल्व्हवरचा राग बराच उतरलाय. तो घट्ट आवळलेलाच ठेवतो, हात लावत नाही.

वापरात घड्याळ सुरेख आहे. विहिरीत पोहून झालं, खताच्या टाकीत हात घालून झाला. संध्याकाळी नळाखाली मऊ ब्रशने धुतो. गरम पाणी आणि साबण टाळतो. तक्रार काट्यांची आहे. मधून पोकळ असल्याने दुपारच्या उन्हात ते निळ्या डायलवर हरवतात आणि वेळ बघायला मनगट वळवावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांत सवय होईल वाटलं होतं, झाली नाही. पट्टा थोडा सैल झालाय. नव्या पट्ट्याची किंमत ऐकून तोच वापरतोय.

आता मेहुण्यासाठी जुनं ट्यूडर बघतोय. घड्याळ छान आहे, भावही रास्त आहे, पण विकणारे टेस्टला तयार नाहीत. मेहुणे घाई करताहेत. मी टोकन देऊ दिलेलं नाही.